कडक डोहाळे आणि दोन ओळींचा राजीनामा



मागच्या भागात आपण १७९१ सालची श्रीरंगपट्टणची मोहीम पाहिली होती. लॉर्ड कॉर्नवॉलिसची उपासमार झालेली फौज, पाऊस, मेलेले बैल आणि मेलुकोट्याजवळ अचानक भेटलेले हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. आज खरं तर १७९९ च्या लढाईबद्दल बोलायचं होतं. टिपणं तयार होती, नकाशाही काढून ठेवला होता. पण तो भाग पुढे ढकलतोय. का, ते सांगतो.

हा भाग मी कडकोळहून करतोय. मैसूरहून नंजनगूडला निघालात की मंडकळ्ळीचा विमानतळ मागे पडतो आणि थोड्याच वेळात कडकोळ येतं. लहानसं रेल्वे स्टेशन, बाजूला औद्योगिक वसाहत, कंटेनरचा डेपो, आणि रस्त्यावर दिवसरात्र ट्रक. पलीकडे नंजनगूडला कपिला नदी आणि श्रीकंठेश्वराचं मोठं देऊळ. आपल्याकडची बरीच मुलं-मुली आता या पट्ट्यात कामाला आहेत. निपाणी, बेळगाव, कोल्हापूर, सोलापूर, कुठकुठून आलेली.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी त्यांपैकीच एक. माहेर निपाणी. नवरा-बायको दोघंही इथल्या कारखान्यांत. ती एका कारखान्याच्या तपासणी विभागात आहे. तीन पाळ्या, उभ्याने काम, आणि दिवसभर रसायनांचा वास. मी श्रीरंगपट्टणचं चित्रीकरण आटोपून दोन दिवस विसाव्याला तिच्याकडे उतरलो. पहाटे पाचला उठलो, तर ही न्हाणीघराच्या उंबऱ्यावर भिंतीला टेकून बसलेली. तोंड पांढरं पडलेलं. घोटभर पाणी प्यायली तरी उलटून पडत होतं. दिवस राहून सात आठवडे झाले होते.

सकाळी तिने मोबाइल माझ्यापुढे धरला. दोन दिवसांपूर्वी पाठवलेला राजीनामा. दोन ओळी. वैयक्तिक कारणास्तव मी काम सोडत आहे, एक महिन्याची नोटीस धरावी. झालं. कंपनीचं उत्तर त्याच संध्याकाळी आलं होतं, तेही दोन ओळींचं. राजीनामा मंजूर. त्याआधी चार दिवस वरिष्ठाने तिला सुनावलं होतं, की पाळीला यायचं असेल तर नीट ये, रोज उठून सुट्टी मिळणार नाही.

मी विचारलं, "अगं, पण कारण का नाही लिहिलंस?"

ती म्हणाली, "काका, तीन महिने व्हायच्या आत कुणाला सांगायचं नसतं ना."

मंडळी, या एका वाक्याने मला रात्रभर झोप लागली नाही. आणि १७९९ बाजूला राहिलं. कारण हे वाक्य मी आधी ऐकलं होतं, माझ्याच घरात. तिकडे मी शेवटी येतो. आधी इतिहास.

कडक डोहाळे म्हणजे काय

आपल्या भाषेत डोहाळे म्हटलं की चिंचा, कैऱ्या आणि सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आठवतं. कन्नडात याला बयके म्हणतात, आणि त्यांच्याकडेही सीमंताचा सोहळा थाटात होतो. पण आपल्या आज्या आणखी एक शब्द वापरत. "हिचे डोहाळे कडक आहेत." म्हणजे अन्नाचा वास सहन होत नाही, पाणी ठरत नाही, उठून उभं राहवत नाही.

बहुतेक बायकांना मळमळ होते. ती साधारण पाचव्या-सहाव्या आठवड्यात सुरू होते, नवव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचते आणि चौदा-सोळा आठवड्यांपर्यंत ओसरते. पण शंभरातल्या एक-दोघींना ती इतकी जबर होते की वजन घटतं, शरीरातलं पाणी कमी होतं आणि सलाईन लावावं लागतं. हे "मनाचे खेळ" आहेत असं डॉक्टरसुद्धा बराच काळ म्हणत आले. २०२३ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं की गर्भाकडून आईच्या रक्तात येणाऱ्या जीडीएफ-१५ नावाच्या एका संप्रेरकाशी याचा थेट संबंध आहे. ज्या स्त्रीच्या शरीराला त्याची आधीपासून सवय नसते, तिला त्रास जास्त. म्हणजे यात मनाच्या कमकुवतपणाचा प्रश्नच नाही.

आणि हा त्रास जीवही घेऊ शकतो. शार्लट ब्राँटी ही इंग्रजीतली मोठी कादंबरीकार. १८५४ साली लग्न झालं आणि ३१ मार्च १८५५ ला ती वारली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी. दिवस राहिलेले होते. दाखल्यावर क्षय लिहिलंय, पण तिच्या शेवटच्या आठवड्यांतल्या उलट्यांची वर्णनं वाचून आजचे अनेक डॉक्टर म्हणतात की तिला हेच झालं असावं. तेव्हा सलाईन नव्हतं. आज आहे. दिवसभर पाणी पोटात ठरत नसेल, लघवी गडद आणि कमी होत असेल, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर घरगुती आलं-लिंबू बाजूला ठेवून सरळ डॉक्टरकडे जायचं. आम्हीही त्या दिवशी तेच केलं. दोन बाटल्या सलाईन गेल्यावर पोरगी बोलायला लागली.

आता प्रश्न असा. हा आजार दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यातला. डोहाळजेवण सातव्यात. मग कायदा कोणत्या महिन्यात जागा होतो?

कायदा मागून मोजत आला

गोष्ट सुरू होते १९१९ साली वॉशिंग्टनला. पहिलं महायुद्ध संपलं होतं, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना नुकतीच स्थापन झाली होती. तिच्या पहिल्याच परिषदेत बाळंतपणाचा करार झाला. बाळंतपणाआधी सहा आठवडे रजेचा हक्क, नंतर सहा आठवडे सक्तीची रजा, आणि त्या काळात पोटापुरते पैसे. त्यात एक छोटी पण मोलाची गोष्ट होती. गरोदरपणातून आलेल्या आजारामुळे बाई जास्त दिवस गैरहजर राहिली, तर त्या कारणाने तिला काढायचं नाही. हिंदुस्थान सरकारने हा करार मान्य केला नाही.

त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांत साधारण दर पाच कामगारांत एक बाई होती. रिळिंग आणि वाइंडिंग ही त्यांची खाती. काम नगावर, म्हणजे जेवढं सूत गुंडाळाल तेवढे पैसे. एक दिवस खाडा म्हणजे एक दिवस उपाशी. १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री डॉक्टरांना या बायकांची पाहणी करायला नेमलं. त्यांच्या अहवालातला एक आकडा अजूनही अंगावर काटा आणतो. गिरणीत जाणाऱ्या बायकांच्या शंभरातल्या अठ्ठ्याण्णव तान्ह्या बाळांना अफू दिली जात होती. बाळगोळी म्हणत तिला. आई पाळीवरून येईपर्यंत बाळाने निपचित पडावं म्हणून. ही आई राक्षसीण होती का? तिला रजा नव्हती, एवढंच.

१९२४ साली आपल्या ना. म. जोशींनी मध्यवर्ती कायदेमंडळात प्रसूती साहाय्याचं विधेयक आणलं. हे रायगडमधल्या गोरेगावचे, सोशल सर्व्हिस लीग आणि आयटक उभारणारे. सरकारने विरोध केला आणि १९२५ मध्ये विधेयक पडलं. मग लढाई मुंबई प्रांताच्या कायदेमंडळात गेली. रा. सं. असवले यांनी तिथे विधेयक मांडलं. २८ जुलै १९२८ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचा मुद्दा लष्करी माणसालाही पटेल असा होता. बाळंतपणाआधीच्या काळात आणि नंतरही आईला विसावा मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून या खर्चाचा मोठा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. पण तेवढं होत नाही म्हणून विधेयक अडवून ठेवू नये.

१९२९ साली कायदा झाला. हिंदुस्थानातला या प्रकारचा पहिला. सात आठवड्यांची मदत, दिवसाला आठ आणे. पुढच्या वर्षी मध्य प्रांताने कायदा केला, त्यात आपला विदर्भ आला. १९३४ ला मद्रास, १९३७ ला म्हैसूर संस्थान. म्हणजे मी आज ज्या जमिनीवर बसून बोलतोय तिथेही हा हक्क स्वातंत्र्याच्या दहा वर्षं आधी पोचला होता.

आता लक्ष द्या. हे सगळे कायदे आठवडे कुठून मोजतात? बाळंतपणाच्या तारखेपासून मागे. तीन आठवडे आधी, चार आठवडे आधी, सहा आठवडे आधी. म्हणजे पोट दिसायला लागल्यावर. पण मालकाची नजर कायद्यापेक्षा तेज होती. १९४४ साली सरकारने द. वि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली कामगार चौकशी समिती नेमली. १९४६ च्या तिच्या अहवालात नोंद आहे, की काही मालक गरोदरपणाची पहिली चिन्हं दिसताच बाईला कामावरून कमी करतात. कायदा आठव्या महिन्यात दारात उभा, आणि बाई तिसऱ्या महिन्यातच मागच्या दाराने बाहेर.

मग आला १२ डिसेंबर १९६१ चा मातृत्व लाभ कायदा, अख्ख्या देशासाठी. योगायोग बघा. त्याच्या दोन-अडीच आठवडे आधी पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड हे औषध बाजारातून काढून घेतलं गेलं. तेच औषध, जे गरोदर बायकांना मळमळीवर दिलं जात होतं आणि ज्यामुळे जगभरात दहा हजारांहून जास्त मुलं अपंग जन्मली. त्या धक्क्याने जगातले डॉक्टर आणि बायका सुरुवातीच्या महिन्यांत औषध घ्यायलाच घाबरू लागल्या. "सहन कर, होईल कमी" हाच उपाय उरला. आज तपासून पाहिलेली सुरक्षित औषधं आहेत, पण ती भीती घराघरांत अजून आहे.

१९६१ च्या कायद्यातही मुख्य भाग शेवटाकडूनच मोजत होता. जड काम नको, तासन् तास उभं राहणं नको, ही सवलत आहे. पण ती बाळंतपणाआधीच्या सहा आठवड्यांच्या मागचा एक महिना. २०१७ साली रजा बारावरून सव्वीस आठवड्यांवर गेली. चांगलंच झालं. पण त्यातही बाळंतपणाआधी घेता येतात ते आठच आठवडे. सातव्या आठवड्यात न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसलेल्या पोरीला यातलं काय?

काहीच नाही, असं मलाही वाटलं. म्हणून मी कायदा पहिल्या कलमापासून वाचायला घेतला. फौजेत एक सवय लागते. हुकूम कुणी सांगितला म्हणून मानायचा नाही, कागद स्वतः बघायचा.

कलम दहा

दहाव्या कलमावर मी थांबलो. चार ओळींचं कलम होतं. गरोदरपणामुळे आलेला आजार असेल, तर पुराव्यासह अर्ज केल्यावर बाईला जास्तीत जास्त एक महिन्याची पगारी रजा. आणि ही सव्वीस आठवड्यांतून वजा होत नाही, वरची आहे. कोणत्या महिन्यातला आजार, याचं बंधन नाही. दुसऱ्या महिन्यातल्या उलट्या चालतात. १९१९ मध्ये वॉशिंग्टनला जे बीज पडलं होतं, ते इथे असं उगवलेलं आहे. त्याच्या आधीचं नववं कलम गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा देत होतं. देव करो आणि कुणावर ती वेळ न येवो, पण माहीत असावं.

पात्रता काय? बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम. आता हिशोब करा. दुसऱ्या महिन्यात असलेल्या बाईची तारीख साडेसात-आठ महिने पुढे आहे. तिथून बारा महिने मागे आलात की आजच्या मागचे चार-साडेचार महिने त्यात बसतात. तेवढे महिने नियमित पाळ्या केल्या असतील तर ऐंशी दिवस भरलेलेच असतात. ज्या कारखान्यात ईएसआय कापला जातो, तिथे हाच एक महिना ईएसआयकडून मिळतो. तिथे आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून सत्तर दिवसांची वर्गणी लागते. १९६१ च्या कायद्याची जागा २०२५ मध्ये २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आणि मातृत्व लाभाच्या याच तरतुदी तिच्या सहाव्या प्रकरणात आल्या आहेत.

माझी पुतणी दोन वर्षं कामाला होती. दर महिन्याला ईएसआय कापला जात होता. हक्क पूर्ण होता. पण तिला माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं. तिच्या वरिष्ठाला माहीत होतं की नाही, देव जाणे. कायदा म्हणतो की त्याचा सारांश स्थानिक भाषेत कामाच्या जागी दिसेल असा लावा. आणि २०१७ पासून तर प्रत्येक बाईला नेमणुकीच्या वेळीच हे लाभ लेखी कळवायचे आहेत. मी तिला विचारलं, "भिंतीवर काही लावलेलं आहे का?" म्हणाली, "आहे काका, सुरक्षा सप्ताहाचं."

आता कायद्यातली फट सांगतो. कायदा म्हणतो की रजेवर असताना बाईला काढलं तर ते बेकायदा. गरोदर असताना मध्येच काढलं, तरी तिचा लाभ बुडत नाही. म्हणजे तिला कुणी ढकलून बाहेर काढत असेल तर कायदा मध्ये उभा राहतो. पण ती स्वतः "वैयक्तिक कारणास्तव" लिहून चालती झाली, तर कायद्याच्या नजरेत काही घडलेलंच नाही. हाकलायला माणूस लागत नाही. रजा नाकारायची, दोन शब्द टोचून बोलायचे, आणि तीन महिने गप्प राहायची रीत आपल्या घरात आहेच. बाकी काम उलट्या करतात.

गप्प का राहायचं

ही रीत कुठून आली, हे समजण्यासारखं आहे. पहिल्या तीन महिन्यांत गर्भ टिकेल की नाही याची धास्ती असते, नजर लागू नये ही भावना असते. त्यात हसण्यासारखं काही नाही. पण नोकरीच्या जगात त्या गुप्ततेला दुसरंही कारण आहे. बायकांना अनुभवाने कळलंय की सांगितलं की जागा जाते.

मुंबईची एक केस ऐका. एका औषध कंपनीच्या पॅकिंग खात्यात नियम होता की लग्न झालं की मुलीची नोकरी संपली. कामगार संघटना सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि १९६५ साली तो नियम रद्द झाला. एअर इंडियाच्या हवाई सुंदरींना पहिल्याच गरोदरपणात निवृत्त करण्याचा नियम होता. नर्गिस मिर्झा आणि त्यांच्या सहकारी लढल्या. ऑगस्ट १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम रद्द केला, भारतीय स्त्रीत्वाचा हा अपमान आहे अशा कडक शब्दांत. पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केलं तर जागा जाईल, हा नियम मात्र त्याच निकालाने शाबूत ठेवला.

नीरा माथुर यांची केस तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची. आयुर्विमा महामंडळात १९८९ साली नेमणूक झाली. भरून द्यायच्या फॉर्ममध्ये मासिक पाळीच्या तारखा, गरोदरपणं, सगळं विचारलेलं. त्या बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांना कमी केलं गेलं. फॉर्ममध्ये खोटी माहिती दिली, हे कारण. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावलं आणि ते रकाने फॉर्ममधून काढायला सांगितले.

आता मी माझ्या घरात येतो, म्हणजे फौजेत. लष्करी नर्सिंग सेवेत १९७७ चा एक आदेश होता, की लग्न केलं की सेवा समाप्त. सेलिना जॉन यांना १९८८ साली लेफ्टनंट असताना याच नियमाने मुक्त करण्यात आलं. आदेश १९९५ मध्ये मागे घेतला गेला. त्या लढत राहिल्या आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई मनमानी ठरवून त्यांना साठ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. छत्तीस वर्षं लागली. मंडळी, मी त्या काळात वर्दीत होतो. नियम माहीत होता. तो चुकीचा आहे, असा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. सैनिक म्हणून आपण धैर्याच्या खूप गोष्टी सांगतो. ही गोष्टही सांगितली पाहिजे.

आणि आता ते वाक्य, जे मी आधी ऐकलं होतं.

१९८८. मी कॅप्टन होतो, पोस्टिंग उंचावर, कुटुंबाला परवानगी नाही. बायको एका खाजगी शाळेत शिकवत होती. गणित. मुलांची लाडकी बाई. दुसऱ्या महिन्यात तिचे डोहाळे असेच कडक लागले. वर्गात दोनदा चक्कर आली. शाळेने विचारलं की काय झालंय, तिने पित्त म्हणून सांगितलं, कारण तीन महिने सांगायचं नसतं. तिसऱ्यांदा चक्कर आल्यावर त्यांनी सुचवलं आणि तिने राजीनामा दिला. मला तिचं पत्र तीन आठवड्यांनी मिळालं. मी बंकरमध्ये कंदिलाच्या उजेडात उत्तर लिहिलं. पहिलंच वाक्य होतं, "बरं केलंस."

ते पत्र तिने जपून ठेवलंय. परवा कडकोळहून फोनवर पुतणीची हकीकत सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "तिला 'बरं केलंस' तेवढं म्हणू नका." मग थोडं थांबून म्हणाली, "मला परत वर्गात जायला अकरा वर्षं लागली हो." इतक्या वर्षांत तिने हे पहिल्यांदा असं बोलून दाखवलं. मी काय बोलणार? मी सीमेवर उभा होतो हे खरं. पण ते वाक्य लिहायला मला कुणी हुकूम दिलेला नव्हता.

माघार कशी घ्यावी

आता मागच्या भागाचा धागा जोडतो. मे १७९१ मध्ये कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या वेशीपर्यंत आला होता. अन्न संपलं, बैल मेले, पाऊस सुरू झाला. त्याने आपल्या वेढ्याच्या तोफा स्वतःच्या हाताने निकामी केल्या आणि माघार घेतली. किती मानहानी वाटली असेल! पण फौज वाचली. वाटेत मेलुकोट्याजवळ मराठ्यांची फौज भेटली, तिच्याबरोबर बाजार होता, धान्य होतं. पुढच्या फेब्रुवारीत तोच कॉर्नवॉलिस परत आला आणि मार्चमध्ये टिपूला अर्धं राज्य सोडावं लागलं.

फौजेत आम्हाला शिकवतात की माघार हीसुद्धा एक हालचाल आहे, तिचेही हुकूम असतात. पाठीमागे कोण थांबणार, काय बरोबर न्यायचं, कुठे जमायचं. ठरवून घेतली की माघार. भीतीने पळत सुटलं की पांगापांग.

नोकरी सोडणं वाईट, असं मी मुळीच म्हणत नाही. जीव आधी. काम खरंच झेपण्यासारखं नसेल, वास, उष्णता, रात्रपाळी अंगावर येत असेल, तर बाईने सोडावी. तो तिचा निर्णय, त्यात काकाने, सासूने किंवा नवऱ्याने बोलायचं कारण नाही. पण पांगापांग नको. उलट्यांच्या ऐन भरात, पहाटे तीन वाजता, मोबाइलवर राजीनामा टाकू नये. आधी डॉक्टर. डॉक्टरकडून प्रमाणपत्र, त्यावर "गरोदरपणातून आलेला आजार" असं स्पष्ट लिहून घ्यायचं. मग आजारपणाची ही रजा लेखी मागायची आणि पोच घ्यायची. तो महिना संपेपर्यंत बहुतेकींचा त्रास उतरणीला लागतो. तेव्हा शांत डोक्याने ठरवा, राहायचं की सोडायचं. सोडायचं ठरलं तर राजीनाम्यात खरं कारण लिहा, आणि ईएसआयच्या शाखेत जाऊन विचारा. तिथला हक्क भरलेल्या वर्गणीवर असतो, त्यामुळे काम सुटल्यावरही काही मिळू शकतं.

आणि राजीनामा गेलाच असेल तर? सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली गोपालचंद्र मिश्रा यांच्या प्रकरणात तत्त्व सांगितलंय. पुढच्या तारखेपासून लागू होणारा राजीनामा, ती तारीख येण्याआधी मागे घेता येतो, नोकरीच्या अटींत त्याच्या आड काही येत नसेल तर. पुतणीच्या नोटिशीचे सव्वीस दिवस बाकी होते. तिच्या नेमणूकपत्रात आड येणारं काही दिसलं नाही.

मी हे सगळं तिच्यापुढे ठेवलं. वाटलं, खूश होईल. ती म्हणाली, "काका, खरं सांगू? मला त्या वासात परत जायचं नाही."

मी गप्प बसलो. मनात आलं, यावेळी "बरं केलंस" नाही आणि "चूक केलीस" पण नाही.

संध्याकाळी सलाईनच्या जोरावर ती उठून बसली. नवऱ्याला म्हणाली, लॅपटॉप दे. तिने दुसरं पत्र लिहिलं. मी मजकूर सांगतो म्हटलं, तर म्हणाली, राहू दे, मी लिहिते. राजीनामा मागे घेत आहे. सोबत ईएसआय दवाखान्याचं प्रमाणपत्र. एक महिना रजा हवी. परत आल्यावर रसायनांपासून दूरचं, बसून करायचं काम द्यावं. ते जमणार नसेल तर तेव्हा सोडण्याचा निर्णय घेईन.

पत्राची सुरुवात तिने तीनदा खोडून लिहिली. शेवटी जी ठेवली ती अशी: मी सात आठवड्यांची गरोदर आहे आणि आजारी आहे. निपाणीला फोन केला तेव्हा वहिनी आधी रागावल्या, इतक्यात कशाला सांगितलंस म्हणून. मग पाच मिनिटांनी त्यांचा परत फोन आला. "उद्या सकाळच्या गाडीने निघते," म्हणाल्या. "तिला मुगाची पेज ठरते का, विचारून ठेवा."

कंपनीचं उत्तर हा भाग ध्वनिमुद्रित होईपर्यंत आलेलं नाही. आलं की सांगेन.

तुमच्या घरात, शेजारी, तुमच्या हाताखाली कुणी असेल, तर तिला या एक महिन्याच्या रजेबद्दल सांगा. आणि ज्यांच्या हाताखाली बायका काम करतात, त्यांनी आपल्या भिंतीवर काय लावलंय ते एकदा उद्या जाऊन बघा.

पुढच्या भागात १७९९. नकाशा तयार आहे. जय हिंद.